घड्याळ काढता न येणारी आजी

"गोल काढा, आकडे भरा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." स्मृतिभ्रंशाच्या चाचणीतला हा नेहमीचा प्रश्न. निवृत्त गुरुजींना ठीक आहे. पण खान्देशातल्या यावल-शिरपूरकडच्या, जन्मात पेन्सिल न धरलेल्या आजीला तो विचारला, तर परीक्षा मेंदूची होते की शाळेची? उलट गुरुजी आजार सुरू झाल्यावरही शिक्षणाच्या जोरावर भरपूर गुण मिळवतात.

1975 पासून जगभर वापरली जाणारी 30 गुणांची चाचणीही इथेच अडते. म्हणून हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी संशोधकांनी ती बदलली. वाचायला लावणारे प्रश्न काढले. शब्द उलटा सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे विचारले. खान्देशात तर प्रश्न अहिराणीत विचारले, तरच उत्तराला काही अर्थ.

माझ्या मते पहिली पारख घरातच होते. तुलना शेजारणीशी नको, त्याच माणसाच्या दहा वर्षांपूर्वीच्या वागण्याशी करा. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं किरकोळ. पण आयुष्यभर खापरावर मांडे करणारी बाई पुरण भरायच्या आधीच पोळी हातावर फिरवू लागली, पुढे काय करायचं म्हणून थबकली, आणि असं पुन्हापुन्हा झालं, तर ते विसरणं वेगळं. कामाचा क्रम लावणं हे मेंदूचं अवघड काम आहे आणि ते बऱ्याचदा लवकर बिघडतं. त्यावर घरात उत्तर ठरलेलं: "वय व्हयनं आते."

वयाच्या माथी मारून मोकळं होणं महागात पडतं. भारतात साठीपुढच्या साधारण 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. म्हणजे बहुतेकांना तो नाही. शिवाय बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, मंदावलेलं थायरॉईड, नैराश्य यांनीही डोकं तसंच चालेनासं होतं आणि त्यांवर उपचार आहेत. शाकाहारी जेवणात बी-12 मुळातच कमी असतं; त्यातून मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू असतील, तर ते आणखी घटू शकतं, म्हणून तपासाच. आणि कान! ऐकूच न आलेला प्रश्न 'विसरला' म्हणून मोजला जातो.

सरसकट सगळ्या म्हाताऱ्यांची चाचणी घेतल्याने फायदा होतो, असं अजून सिद्ध झालेलं नाही. पण बदल दिसला की थांबू नये. डॉक्टरांकडे जाताना मुंबईहून आलेल्या मुलापेक्षा रोज सोबत राहणारी सून बरोबर असू द्या, आणि चालू गोळ्यांची पाकिटंही.