मोटारवाहन उद्योग : यंत्रबदल आणि रोजगार

वाहन तयार करण्याची पद्धत, त्यासाठीची यंत्रसामग्री किंवा खुद्द वाहनाची रचना बदलल्यामुळे या उद्योगातील कामगारांची संख्या, कौशल्ये आणि नोकरीच्या अटी यांवर होणारा परिणाम. याची चर्चा बहुधा ‘किती नोकऱ्या गेल्या’ या प्रश्नापाशीच थांबते. उरलेली नोकरी कोणाकडे आणि कोणत्या अटींवर गेली, हे त्यात सहसा विचारले जात नाही.

हेन्री फोर्ड यांच्या हायलंड पार्क कारखान्यात 1913 मध्ये सरकता जुळणीपट्टा आला आणि ‘मॉडेल टी’चा सांगाडा जुळवण्यास लागणारा वेळ सुमारे साडेबारा तासांवरून वर्षभरात दीड तासाच्या आसपास आला. उत्पादनाबरोबर नोकऱ्याही वाढल्या, पण कुशल फिटरच्या जागी दिवसभर एकच काम करणारा माणूस उभा राहिला. या कामाला कंटाळून कामगार इतक्या झपाट्याने सोडून जाऊ लागले की जानेवारी 1914 मध्ये दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर करावी लागली. पुढे 1961 मध्ये ‘युनिमेट’ हा यंत्रमानव न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात तापलेले ओतीव भाग उचलू लागला. वेल्डिंग आणि रंगकाम ही धोक्याची कामेही नंतर यंत्रांकडे गेली.

पुणे परिसरात हा बदल दोन पिढ्यांत घडला. बजाज ऑटोच्या आकुर्डी कारखान्यातून निघणाऱ्या ‘चेतक’ स्कूटरसाठी ग्राहक वर्षानुवर्षे थांबत. पुढे बाजार मोटारसायकलींकडे वळला, चाकणला नवा कारखाना उभा राहिला आणि 2007 मध्ये आकुर्डीतील उत्पादन थांबले. भोसरीच्या लहान कारखान्यांत पूर्वी लेथवरचा (धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावरचा) टर्नर कापाचा आवाज ऐकून हत्याराची धार गेल्याचे ओळखत असे. आता सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या, यंत्रावरचा मुलगा जॉब (कापायचा धातूचा तुकडा) बसवतो, दार लावतो, हिरवे बटण दाबतो आणि तोवर शेजारच्या दुसऱ्या यंत्राकडे वळतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा पगार वाढला असला, तरी एका प्रोग्रॅमवर अनेक यंत्रे चालत असल्यामुळे अशी माणसे थोडीच लागतात.

विजेवर चालणाऱ्या वाहनांचा परिणाम वेगळ्या जातीचा आहे, कारण येथे कामाची पद्धतच नव्हे तर कामाची वस्तूच नाहीशी होते. पिस्टन, क्लच, सायलेन्सर, इंधनपंप हे भाग अशा वाहनाला लागतच नाहीत. त्यामुळे पहिला फटका मोठ्या कंपनीच्या जुळणी विभागाला न बसता, एखाददुसराच भाग बनवून पुरवणाऱ्या वर्कशॉपला बसतो. बॅटरी आणि नियंत्रक (मोटरला जाणारी वीज आवरणारे उपकरण) यांची कामे नव्याने निर्माण होतात. मात्र ती त्याच गावात किंवा त्याच माणसाला मिळतील असे नसते.

यंत्रसुधारणेमुळे कपात होण्याचा संभव असल्यास 21 दिवसांची पूर्वसूचना देण्याचे बंधन 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने मालकांवर घातले होते, आणि संघटनांनी त्याच्या आधारे स्वेच्छानिवृत्तीच्या रकमांसाठी वाटाघाटी केल्या. हे संरक्षण मुख्यतः कायम कामगारांच्या उपयोगी पडले. कंत्राटदाराकडचा किंवा प्रशिक्षणार्थी म्हणून लावलेला मुलगा मुदत संपली की गेटपास जमा करून निघतो, आणि त्याची जागा पुन्हा भरली नाही तरी ती कपात म्हणून कोठे नोंदली जात नाही.