बडोद्यात कारखान्याच्या धुराची किंवा सांडपाण्याची तक्रार करायची असेल तर : अर्ज, पात्रता, कागदपत्रं

नंदेसरी, मकरपुरा, वाघोडिया, सावली-मंजुसर. बडोद्याच्या चारही दिशांना औद्योगिक वसाहती आहेत. कोयलीची रिफायनरी तर 1965 पासून आहे. आपल्यातल्या कितीतरी मराठी घरांची चूल याच कारखान्यांवर पेटली आहे, म्हणून तक्रार करायला मन कचरतं हे मला समजतं. पण तक्रार कारखाना बंद पाडण्यासाठी नसते. परवानगी देताना ज्या अटी घातल्या त्या पाळल्या जातात की नाही, एवढंच आपण विचारत असतो आणि तो आपला हक्क आहे.

अर्ज कोणाकडे द्यायचा

हे काम गुजरात प्रदूषण नियंत्रण बोर्डाचं, म्हणजे जीपीसीबीचं. मुख्य कार्यालय गांधीनगरला आहे, पण इथल्या कारखान्यांची तपासणी आणि नमुने घेण्याचं काम बडोद्याचं प्रादेशिक कार्यालय करतं. अर्ज ‘प्रादेशिक अधिकारी’ यांच्या नावे लिहायचा. सुभानपुऱ्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचंही कार्यालय आहे. पाटी पाहून तिथेच जावंसं वाटतं, पण कारखान्याला संमती, म्हणजे चालवायची परवानगी, राज्याचं बोर्ड देतं, तेव्हा पहिला अर्ज त्या बोर्डाकडेच द्यावा आणि हवी तर सुभानपुऱ्याला प्रत पाठवावी.

कोणी उघड्यावर कचरा जाळत असेल किंवा सोसायटीचं गटार तुंबलं असेल तर तो विषय महानगरपालिकेचा. कारखान्याच्या आत काम करणाऱ्यांना वायूचा त्रास होत असेल तर औद्योगिक सुरक्षा आणि स्वास्थ्य संचालनालयाकडे जायचं. वायुगळतीसारखी तातडीची वेळ असेल तर अर्ज लिहीत बसू नका, 112 लावा.

बोर्ड मोजतं काय

1974 चा जल कायदा आणि 1981 चा वायू कायदा, या दोन्हींखाली कारखान्याला संमती घ्यावी लागते. घातक कचऱ्याची परवानगीही त्यातच जोडून गुजरातमध्ये एकच एकत्रित आदेश निघतो. बोलताना सगळे त्याला ‘सीसीए’ म्हणतात. रोज किती पाणी वापरायचं, किती सांडपाणी कुठे सोडायचं, चिमणी किती उंच हवी, धुरात काय किती चालेल, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. तपासणीला आलेला अधिकारी याच कागदाशी ताडून पाहतो, म्हणून तक्रार करणाऱ्यानेही आधी तोच वाचावा असं माझं ठाम मत आहे.

नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारण मर्यादा अशी : बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन लागतो ते) लिटरला 30 मिलिग्रॅम आणि सीओडी (तीच घाण रसायनाने मोडायला किती ऑक्सिजन लागतो ते) 250. पण बडोद्याचं एक वेगळेपण आहे. इथल्या बऱ्याच कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी नदीत न जाता सुमारे 55 किलोमीटरच्या एका चॅनलमधून जंबुसर तालुक्यात सारोदजवळ खंभातच्या आखाताकडे जातं. 1983 पासून हा चॅनल चालू आहे. पाणी कुठे सोडलं जातं त्यावर मोजमापाची पट्टी ठरते. त्यामुळे कुठूनतरी मिळालेला आकडा अर्जात लिहून ‘मर्यादा ओलांडली’ म्हणू नका, त्या कारखान्याच्या आदेशातला आकडा लिहा.

रिफायनरी, खत, रंग, औषधं अशा जास्त प्रदूषण करणाऱ्या 17 प्रकारच्या उद्योगांना सतत चालणारी मोजणी यंत्रं लावावी लागतात. त्यांचे आकडे थेट मंडळाकडे जातात. शिवाय दर वर्षी 30 सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म 5, बोर्डाला द्यावं लागतं.

पात्रता

तक्रार कोणीही करू शकतं. भाडेकरू असा, विद्यार्थी असा, शेतकरी असा. घर तुमच्या नावावर असण्याची अट नाही. संमतीच्या अटींची नोंदवही बोर्डाने ठेवायची असते, आणि ज्याला त्रास होतो किंवा ज्याचा संबंध आहे त्याला ती पाहता येते. हे जल आणि वायू दोन्ही कायद्यांत स्पष्ट लिहिलेलं आहे. हा हक्क फारसा कोणी वापरत नाही याचं मला वाईट वाटतं.

अर्जात काय लिहायचं

शहराच्या कडेला असलेल्या आमच्या सोसायटीतून गेलेला पहिला अर्ज तीन ओळींचा होता : रात्री फार वास येतो, मुलांना खोकला होतो, कृपया कारवाई करावी. पाहणी झाली ती भर दुपारी, आणि दुपारी वास नसायचाच. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं उघडली. ‘पहाटे 3.40, कुजक्या अंड्यासारखा वास, वाळत घातलेली ओढणी पश्चिमेला उडते आहे, 5.10 ला कमी.’ अशा अठरा नोंदी झाल्या. त्या दुसऱ्या अर्जाला जोडल्या, आणि या वेळी माणसं पहाटे आली.

तेव्हा अर्जाला जोडा : तारीख आणि वेळेनिशी नोंदी, वाऱ्याची दिशा, तारीख दिसणारे फोटो किंवा व्हिडिओ, मोबाइलच्या नकाशावरून घेतलेलं ठिकाण, कारखान्याचं नाव किंवा प्लॉट नंबर (खात्री नसेल तर ‘अमुक दिशेकडून’ एवढंच लिहा, अंदाजाने नाव घेऊ नका), आणि डॉक्टरांचा कागद असेल तर त्याची प्रत. खाली आपलं नाव, पत्ता, फोन. चारपाच घरांच्या सह्या असल्या तर उत्तम.

अर्ज गुजरातीत लिहा. इथल्या कार्यालयांचा कारभार त्याच भाषेत चालतो. दोन प्रती न्या, एकीवर आवक नंबर आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. पोच नसेल तर पुढच्या कुठल्याच पायरीवर हातात काही राहत नाही. टपालाने पाठवत असाल तर स्पीड पोस्टने पाठवा.

नाल्यातलं लालपिवळं पाणी बाटलीत भरून कार्यालयात नेलं तर ते कायद्याच्या दृष्टीने नमुना ठरत नाही. बोर्डाचा अधिकारी कारखान्याला नोटीस देऊन, त्यांच्या माणसासमोर पाणी घेतो, त्याचे दोन भाग करतो, दोन्ही बाटल्यांना सील लावतो, दोघांच्या सह्या होतात आणि एक बाटली प्रयोगशाळेत जाते. हे सगळं झालं असेल तरच तो अहवाल कोर्टात टिकतो. म्हणून पाणी वाहत असतानाच फोन करून अधिकाऱ्याला बोलावणं महत्त्वाचं.

उत्तर आलं नाही तर

माहिती अधिकारात अर्ज करा. तो मराठीत चालत नाही. इंग्रजी, हिंदी किंवा गुजरातीत हवा. गुजरातमध्ये फी 20 रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. नेमकं मागा : अमुक तारखेच्या तक्रारीवर झालेल्या पाहणीचा अहवाल, नमुन्यांचे पृथक्करण अहवाल, कारखान्याला दिलेल्या नोटिसा आणि चालू सीसीएची प्रत. ‘काय कारवाई केली’ असा मोघम प्रश्न विचारला की उत्तरही मोघम येतं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा अपुरं आलं, तर त्यापुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. जिल्ह्याच्या ‘स्वागत’ या तक्रार निवारण कार्यक्रमातही तक्रार मांडता येते.

नवा मोठा प्रकल्प येत असेल तर त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे तपासण्याच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे लोकसुनावणी होते. किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना येते, पण ती गुजराती आणि इंग्रजी पेपरात. आपल्या घरी मराठी पेपर येत असेल तर नजरेतून सुटते. सुनावणीला जाता आलं नाही तरी लेखी हरकत पाठवता येते.

याही पुढे जायचं असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीचं खास न्यायपीठ, आहे. गुजरातसाठीचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात बसतं. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी 1000 रुपये. मुदत मात्र सहा महिन्यांची आहे, सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळतात, आणि ती मोजली जाते वादाचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून. कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहण्यातच ही मुदत निघून जाऊ शकते. म्हणून वहीतल्या पहिल्या नोंदीवर तारखेबरोबर सालही लिहा.