शब्द हरवला तर चालेल, उशीर नको: इंटरनेटवरच्या कॉलची पार्श्वभूमी

इंटरनेट आधी मजकुरासाठी तयार झालं आणि आवाज त्यावर मागाहून चढवला गेला, अशी समजूत सर्रास आढळते. इतिहास वेगळं सांगतो. इंटरनेटची आजची रचना ठरली तेव्हा माणसांचं बोलणं हे त्यामागचं एक ठोस कारण होतं. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, म्हणून इथे जरा सविस्तर.

जुन्या टेलिफोनमध्ये कॉल लागला की दोन टोकांमध्ये एक वाट राखून ठेवली जाई. दोघं गप्प बसले तरी वाट त्यांचीच. आवाज आकड्यांत उतरवून पाठवायची कल्पना ॲलेक रीव्ह्ज यांनी १९३८ मध्ये पेटंटमध्ये मांडली होती, पण ती परवडण्याजोगी व्हायला ट्रान्झिस्टर यावा लागला. पुढे १९७२ मध्ये तिचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं: सेकंदाला ८००० वेळा आवाजाची पातळी मोजायची आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहायचं. म्हणजे एका बाजूच्या बोलण्याला सेकंदाला ६४ किलोबिट लागणार.

तोवर १९६९ मध्ये अमेरिकेत आर्पानेट हे इंटरनेटच्या आधीचं संगणकांचं जाळं सुरू झालं होतं. तिथे राखीव वाट नव्हतीच. माहितीचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेट, पाडायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि मिळेल त्या वाटेने सोडून द्यायचे. या जाळ्यावर बोलायचं तर दोन अडचणी होत्या. पहिली जागेची. आर्पानेटच्या लाइनी साधारण ५० किलोबिटच्या होत्या. एका माणसाचा आवाजसुद्धा त्यांत मावत नव्हता.

यावरचा उपाय मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. जपानमध्ये फुमितादा इताकुरा आणि शुझो साइतो, तर अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत भारतातून तिकडे गेलेले बिष्णू अटल आणि त्यांचे सहकारी मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात वेगवेगळ्या वाटांनी एकच मुद्दा पकडला: बोलताना घसा आणि तोंड यांचा आकार सावकाश बदलतो, त्यामुळे आवाजाचं पुढचं मोजमाप आधीच्या काही मोजमापांवरून बऱ्यापैकी वर्तवता येतं. मग सगळी मोजमापं पाठवायची कशाला? वर्तवण्याचं सूत्र आणि थोडी जोडमाहिती पाठवली की पलीकडचं यंत्र आवाज पुन्हा घडवू शकतं. डिसेंबर १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातलं गोलेटा आणि मॅसॅच्युसेट्समधलं लेक्सिंग्टन यांच्यात याच पद्धतीने आर्पानेटवरून बोलणं झालं, तेही जेमतेम साडेतीन किलोबिटमध्ये.

दुसरी अडचण वेळेची होती, आणि ती जास्त खोल होती. आर्पानेट प्रत्येक संदेशाची पोच घेई आणि काही गहाळ झालं तर पुन्हा पाठवण्याची तजवीज करी. फाइलसाठी हे उत्तम. पण बोलण्यात उशिरा आलेलं पॅकेट म्हणजे वरातीमागून घोडं: त्याची जागा ऐकून झालेली असते. त्याच्यासाठी थांबलं तर मागचं सगळं बोलणं तुंबतं. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत डॅनी कोहेन हे काम पाहत होते. आवाजासाठी त्यांच्या गटाने तयार केलेला प्रोटोकॉल, म्हणजे देवाणघेवाणीचे ठरलेले नियम, १९७३ मध्ये चाचणीला उतरला. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: बोलणाऱ्याला पोच नको, वेळ हवी.

जाळ्यांना जोडणाऱ्या टीसीपी या प्रोटोकॉलची आखणी चालू होती तेव्हा पत्त्यावर पोहोचवणं आणि पोहोचल्याची हमी घेणं ही दोन्ही कामं एकाच प्रोटोकॉलमध्ये होती. कोहेन आणि त्यांच्यासारखेच आग्रही असलेले इतर काही जण यांच्या सांगण्यावरून १९७८ मध्ये ती वेगळी केली गेली. पोहोचवण्याचं काम आयपी या नव्या प्रोटोकॉलकडे गेलं, हमीचं टीसीपीकडे राहिलं. ज्यांना हमी नको त्यांच्यासाठी १९८०मध्ये यूडीपी आला. आज इंटरनेट कॉलमधला आवाज सहसा यूडीपीवरूनच धावतो.

त्यावर १९९६ मध्ये आरटीपी या प्रोटोकॉलची भर पडली. प्रत्येक पॅकेटवर क्रमांक आणि वेळेची खूण घालायची, मग पुढेमागे आलेली पॅकेट ऐकणाऱ्याच्या बाजूला एका छोट्या बफरमध्ये क्षणभर थोपवून ओळीने वाजवता येतात. हा क्षण किती लांब ठेवायचा, यात खरं कसब आहे. एका दिशेचा एकूण उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बहुतेकांना तो जाणवत नाही. त्याहून बराच वाढला की माणसं एकमेकांचं बोलणं तोडू लागतात. पॅकेटही म्हणूनच छोटी, बहुधा २० मिलिसेकंदांच्या आवाजाची. सेकंदाला ८ किलोबिट लागणाऱ्या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज आकसून पाठवण्याच्या पद्धतीत, एवढा आवाज २० बाइटांत मावतो, पण त्यावरचे पत्ते आणि खुणा यांनाच ४० बाइट लागतात.

बाजारातला इतिहास त्यामानाने लवकर सांगून होतो. १९९५ मध्ये इस्रायलच्या व्होकलटेकने संगणकावरून बोलण्याचं सॉफ्टवेअर विकायला काढलं. कॉल लावण्या-तोडण्याचे नियम म्हणून १९९६ मध्ये एच.३२३ आणि १९९९ मध्ये सिप आला. २००३ मधल्या स्काइपने घरोघरच्या राउटरमागे दडलेल्या संगणकांना एकमेकांशी जोडून दाखवलं. सामान्य माणसासाठी खरा अडथळा तोच होता. २०१२ मध्ये ओपस हा खुला कोडेक प्रमाण ठरला. नेट मंदावलं की तो आवाजाचा दर्जा खाली आणतो, वेग मिळाला की वर नेतो.

त्याच वर्षी मोबाइल कंपन्यांनी व्होएलटीई, म्हणजे फोरजीवरून बोलण्याची सोय, सुरू केलं. फोरजीच्या जाळ्यात राखीव वाटेची जुनी सोय ठेवलेलीच नाही, त्यामुळे त्यावरून साधा कॉल करायचा तर तोही आयपी पॅकेटांतूनच जातो. फरक इतकाच की व्हॉट्सॲपचा कॉल इतर डेटाच्या गर्दीतून वाट काढतो, आणि व्होएलटीईच्या आवाजाला जाळ्यात ठरावीक वेग राखून मिळतो. फोरजीच्या प्रमाण-नियमांत त्या आवाजासाठी उशिराची मर्यादा १०० मिलिसेकंद आहे आणि शंभरात एक पॅकेट हरवलं तरी चालतं. साध्या डेटाला ३०० मिलिसेकंदांची मुभा आहे, पण हरवायचं दहा लाखांत एकच.