अन्ननलिकेचे व पचनमार्गाचे सामान्य विकार

अन्ननलिका ही घशापासून जठरापर्यंत जाणारी, प्रौढ व्यक्तीत सुमारे २५ सेंमी. लांबीची स्नायुमय नळी असून तिच्या वरच्या भागात पुढच्या बाजूला श्वासनलिका आणि मागे पाठीचा कणा असतो. अन्नाचे पचन किंवा शोषण हे तिचे काम नव्हे. गिळलेला घास एकामागून एक होणाऱ्या आकुंचनांनी काही सेकंदांत जठरात पोचवणे, एवढेच तिचे काम आहे. तिच्या खालच्या टोकाचा वर्तुळाकार स्नायू घास येताच सैल पडतो व एरवी घट्ट मिटलेला राहतो. तो अवेळी सैल पडू लागला की छातीत जळजळ होते आणि वेळेवर सैल पडेनासा झाला की घास अडकतो.

जळजळ ही यांतील सर्वांत नेहमीची तक्रार. जठराच्या अस्तराला आम्लापासून वाचवणारा श्लेष्म्याचा जाड थर अन्ननलिकेच्या अस्तरावर नसतो, त्यामुळे वर आलेले आम्ल तिथे दाह निर्माण करते. उरोस्थीमागे जळजळणे, तोंडात आंबट पाणी येणे आणि वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर त्रास वाढणे ही ओळखीची लक्षणे होत. काहींना मात्र नुसता कोरडा खोकला येतो, सकाळी आवाज बसतो किंवा दातांची झीज होते. लठ्ठपणा, गर्भारपण, धूम्रपान आणि जठराचा वरचा भाग मध्यपटलातील (छाती व पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्यातील) छिद्रातून छातीत सरकणे, म्हणजेच हायाटस हर्निया, यांमुळे हा त्रास वाढतो. वजन कमी करणे, रात्रीचे जेवण व झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवणे आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणे यांनी बराच फरक पडतो. ओमेप्राझोल वर्गातील, आम्ल कमी करणारी औषधे जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घ्यावी लागतात, कारण आम्ल स्रवणारे पंप जेवणाने कामाला लागतात आणि कामाला लागलेला पंपच ही औषधे बंद पाडू शकतात. औषध लागू पडत नाही असे म्हणणाऱ्या अनेकांची चूक या वेळेतच असते. छातीत दाब येऊन घाम सुटत असेल, दम लागत असेल किंवा वेदना हातात वा जबड्यात जात असेल, तर तो आम्लपित्ताचा त्रास समजून घरी थांबणे धोक्याचे आहे. हृदयविकाराच्या झटक्याचीही हीच लक्षणे असतात.

दाह वर्षानुवर्षे चालू राहिल्यास अन्ननलिकेत व्रण होतात, ते भरताना नळी अरुंद होते आणि काही रुग्णांत अस्तराचा प्रकारच बदलतो. नॉर्मन बॅरेट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्थितीत एंडोस्कोपी (कॅमेऱ्याची नळी तोंडातून घालून केलेली तपासणी) करताना फिकट, मोतिया अस्तराऐवजी जठराकडून वर चढलेले लालसर गुलाबी पट्टे दिसतात. अशा रुग्णांपैकी फार थोड्यांनाच पुढे कर्करोग होतो, परंतु ठरावीक काळाने बायोप्सी करून, म्हणजे अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासून, त्यावर लक्ष ठेवावे लागते.

गिळताना घास अडकण्याच्या तक्रारीत रुग्णाची हकीकत नीट ऐकणे हेच निम्मे निदान असते. आधी घट्ट पदार्थ व नंतर पातळही अडकू लागले, तर नळी अरुंद झाल्याची किंवा कर्करोगाची शंका येते. सुरुवातीपासून पाणीसुद्धा अडकत असेल, तर दोष बहुधा स्नायूंच्या हालचालीत असतो. दुसऱ्या गटातील अकॅलेशिया या विकारात खालच्या भागातील चेतापेशी नष्ट होतात व वर्तुळाकार स्नायू सैल पडेनासा होतो. क्ष-किरणांत उठून दिसणारे बेरियमचे द्रव पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रात वर फुगलेली आणि खाली निमुळती झालेली नळी दिसते, तर आतील दाब मोजणाऱ्या मॅनोमेट्रीने निदान पक्के होते. सतराव्या शतकात टॉमस विलिस यांनी अशा एका रुग्णाला देवमाशाच्या हाडाची, टोकाला स्पंज बांधलेली काडी दिली होती. तिने अन्न खाली ढकलत तो अनेक वर्षे जगला. १९१३ मध्ये एर्न्स्ट हेलर यांनी हा स्नायू छेदण्याची शस्त्रक्रिया केली आणि आता तेच काम तोंडातून घातलेल्या एंडोस्कोपनेही करता येते. यांपैकी कोणत्याही उपायाने गेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. फक्त वाट मोकळी होते.

मुलांत व तरुणांत घास वारंवार अडकत असेल, तर ॲलर्जीशी संबंधित इओसिनोफिलिक (इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी अस्तरात साठून होणाऱ्या) दाहाचा विचार करावा लागतो. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकासारखी गोळी पुरेशा पाण्याविना घेऊन लगेच आडवे झाल्यास ती अन्ननलिकेतच चिकटून व्रण करते. याहून भयंकर प्रकार लहान मुलांनी गिळलेल्या बटण बॅटरीचा. तिच्या दोन्ही बाजू ओल्या अस्तराला टेकताच विद्युतप्रवाह सुरू होतो, ऋण टोकापाशी तीव्र अल्क (आम्लाच्या उलट गुणाचा दाहक पदार्थ) तयार होते आणि अवघ्या दोन तासांत अस्तर गंभीररीत्या भाजू शकते. म्हणून अन्ननलिकेत अडकलेली बॅटरी आपोआप खाली जाईल म्हणून वाट न पाहता ती तातडीने काढावीच लागते.

अन्ननलिकेचा कर्करोग मुख्यतः दोन प्रकारचा असतो. पहिल्याचा संबंध तंबाखू व मद्याशी अधिक आहे, तर दुसऱ्याचा दीर्घकालीन आम्लदाह व लठ्ठपणाशी. दोहोंतही घास अडकू लागेपर्यंत रोग बहुधा बराच पुढे गेलेला असतो. म्हणून वय वाढलेल्या माणसाला नव्याने गिळायला त्रास होऊ लागला, तर एंडोस्कोपी लांबवू नये.

जठर व लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील व्रणांचे खापर पूर्वी मानसिक ताण व तिखट यांवर फुटत असे. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूशी त्यांचा संबंध दाखवला आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वेदनाशामक गोळ्या हे या व्रणांचे दुसरे मोठे कारण होय. आतड्यांच्या नेहमीच्या विकारांत चिडचिड्या आतड्याचा विकार, गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे होणारा सीलिअॅक रोग, क्रोन रोग (आतड्याचा दीर्घकालीन दाह) व मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह यांचा समावेश होतो. यांपैकी पहिल्यात आतड्याच्या अस्तराला इजा दिसत नाही, तरी रुग्णाचा त्रास खराच असतो.

पचनमार्गाच्या वरच्या भागातील रक्तस्रावात उलटीतून रक्त पडते किंवा विष्ठा काळी, चिकट व उग्र वासाची होते. यकृत खराब झालेल्या रुग्णांत अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून हा स्राव अचानक व प्राणघातक होऊ शकतो. लोहाच्या गोळ्यांनीही विष्ठा काळी होते, पण तिला तो चिकटपणा व उग्र वास नसतो.