रेंजचा हिशेब चाकापाशी

लहान इलेक्ट्रिक गाडी घेताना कोकणातला माणूस आधी रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाईल, हे विचारतो, आणि ते बरोबरच आहे. रत्नागिरीहून कोल्हापूरला जायचं तर मध्ये आंबा घाट उभा असतो. पण बॅटरीतली वीज जाते कुठे हे पाहिलं, की लक्ष आपोआप टायरांकडे वळतं.

टायर रस्त्याला टेकतो तिथे रबर दबतं आणि पुढे सरकल्यावर पुन्हा मूळ आकारात येतं. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही, थोडी उष्णता होऊन जाते. हाच रोलिंग रेझिस्टन्स. तो ढोबळमानाने गाडीच्या वजनाच्या 1 टक्का धरा. माणसांसकट 1,200 किलोची गाडी असेल, तर किलोमीटरमागे जवळपास 33 वॉट-अवर वीज नुसती याच्यापायी जाते. अशी गाडी एकूण घेते 100 ते 120. म्हणजे पाव हिस्सा तरी रबर तापवण्यात गेला! पेट्रोल गाडीतही हेच होतं, पण तिथे इंजिनच इतकी उष्णता वाया घालवतं की टायरचा खर्च नजरेत भरत नाही.

म्हणून कमी रोलिंग रेझिस्टन्सचे टायर घ्यावेत, हे खरं. तरीही कोकणात मी पहिला मान ओल्या रस्त्यावरच्या पकडीला देईन. पूर्वी या दोन गोष्टी एकमेकींच्या आड यायच्या. 1990च्या दशकात मिशेलिनने रबरातल्या काजळीच्या जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका वापरायला सुरुवात केली आणि दोन्ही एकत्र साधू लागलं. दुकानात सिलिका कंपाउंड आहे का, हे जरूर विचारा.

माप मात्र कंपनीने दिलेलंच ठेवा. टाटाच्या टियागो ईव्हीला 175/65 आर 14, एमजीच्या कॉमेटला 145/70 आर 12 अशी मापं येतात (आधी रुंदी मिलिमीटरमध्ये, मग कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटी रिम इंचांत). दिसायला बारीक वाटली तरी आपल्या रस्त्यांना ती योग्य आहेत. उंच कडेचा टायर खड्ड्याचा दणका स्वतः सोसतो. मोठा रिम आणि पातळ टायर लावला, की तोच दणका थेट रिमला बसतो. मापापुढचा आकडा भाराचा असतो. 82 म्हणजे एका टायरवर 475 किलो. बॅटरीचंच वजन दीड-दोनशे किलोंच्या घरात असल्यामुळे या आकड्यात कधीही खाली उतरू नये.

आता पाऊस. रस्त्यावर साचलेलं पाणी टायरला बाजूला सारता आलं नाही, तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही निकामी होतात. नासाच्या संशोधकांनी 1960च्या दशकात विमानांच्या टायरांवर प्रयोग करून दाखवलं, की टायर ज्या वेगाला तरंगू लागतो, तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमूळाप्रमाणे बदलतो. त्यांच्या सूत्राने झिजलेला टायर 32 पीएसआयला ताशी 94 किलोमीटरच्या सुमारास तरंगेल, 24 पीएसआयला 82च्या सुमारासच. हवा कमी म्हणजे रेंजही कमी आणि धोकाही लवकर. कायद्याने खाचांची खोली 1.6 मिलिमीटर होईपर्यंत टायर चालतो, पण मृगाआधी तीनच्या खाली गेलेले टायर बदलून टाकावेत.

हवा थंड टायरमध्येच तपासा, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. किनाऱ्यावर याला आणखी एक कारण आहे. मालवण, गुहागर, हर्णैच्या बाजूला अनेकांची तक्रार असते, की दर आठवड्याला हवा उतरते आणि पंक्चरवाल्याला काही सापडत नाही. दोष बहुधा टायरची कड रिमवर जिथे बसते तिथे असतो. खाऱ्या हवेने चाकाची लोखंडी डिस्क गंजते. अलॉय चाकावरचं लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, दगडाने उडालं, की आतल्या ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. त्या खडबडीत थरातून हवा हळूहळू निसटते. अशा वेळी टायर उतरवून ती बैठक घासायला सांगा, कडेला सीलर लावून घ्या आणि व्हॉल्व्हही बदला. बाहेरून कितीही साबणपाणी मारलं तरी हा आजार बरा होत नाही. अलॉय आणि चाक ज्यावर बसतं तो लोखंडी हब यांच्यामध्ये खारट ओल राहिली, तर दोन धातूंची जणू छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजतं. कधीकधी चाक हबला इतकं चिकटतं की निघता निघत नाही. चाक काढलंच आहे, तर हबचा गंज ब्रशने काढून अगदी पातळ अँटी-सीझ (धातू चिकटू न देणारं वंगण) लावून घ्यावं. नटांच्या आट्यांवर आणि ब्रेकवर मात्र ते जाऊ देऊ नये. पुळणीवर गाडी नेऊच नये. नेलीच, तर त्याच दिवशी चाकं आतल्या बाजूनेही गोड्या पाण्याने धुवावीत.

ईव्हीच्या मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो आणि रीजेनचा, म्हणजे वेग कमी करताना मोटरने वीज परत बॅटरीत भरण्याचा, ब्रेकही मोटर फिरवते त्याच दोन चाकांवर येतो, म्हणून ती जोडी लवकर झिजते. 10,000 किलोमीटरच्या आसपास पुढचे-मागचे टायर आपसात अदलाबदल करून, त्याच वेळी अलाइनमेंट बघून घ्यावं. रीजेनमुळे ब्रेक पॅड कमी वापरले जातात आणि ब्रेक डिस्कवर गंज साठतो, तेव्हा रिकाम्या रस्त्यावर अधूनमधून ब्रेक जरा जोराने दाबावा.

चाकरमान्यांची गावात उभी राहणारी गाडी कमी चालते, पण टायरचं रबर ऊन-वाऱ्यात म्हातारं होतच असतं. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे बघा: 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. खाचा शिल्लक असूनही कडेला बारीक चिरा दिसल्या, तर तो टायर घाटात नेऊ नका. काही लहान ईव्हींमध्ये स्टेपनीऐवजी पंक्चर किट मिळतं. ते खिळ्याच्या भोकाला चालतं, जांभ्याच्या धारेने कड फाटली तर त्याचा काही उपयोग नाही. डिकीत जागा असेल आणि कंपनी परवानगी देत असेल, तर त्याच मापाची स्टेपनी वेगळी विकत घ्या.