मॅकडोनाल्ड्सची सुरुवात रे क्रॉकने केली? नाही!

‘रे क्रॉक नावाच्या विक्रेत्याने 1955 मध्ये इलिनॉयमधल्या डेस प्लेन्स इथे पहिलं मॅकडोनाल्ड्स उघडलं’ ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. कंपनीनेच त्या जागी ‘क्रमांक 1’ असं मिरवणारं संग्रहालय उभारलं होतं, मग लोकांचा विश्वास बसणारच. पण ते पहिलं दुकान नव्हतंच.

पहिलं उघडलं 1940 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोला. मालक रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड हे सख्खे भाऊ. तिथे बार्बेक्यू मिळायचं आणि मुली गाडीपाशी ऑर्डर घ्यायला यायच्या. धंदा जोरात असतानाच 1948 मध्ये भावांनी दुकान काही काळ बंद ठेवलं. गाडीपाशी जाणारी सेवा बंद केली, काचेच्या प्लेटा काढल्या, पदार्थ मोजकेच ठेवले. पुढे टेनिस कोर्टवर खडूने स्वयंपाकघराचा नकाशा आखला आणि कामगारांना त्यात फिरवून कोणाची कोणाला अडचण होते ते पाहिलं. बर्गरची किंमत 15 सेंट. ही सगळी पद्धत त्यांची!

क्रॉक तिथे 1954 मध्ये पोचला, तो मिल्कशेकची यंत्रं विकणारा म्हणून. त्याआधीच फीनिक्स आणि डाउनीमध्ये शाखा निघाल्या होत्या. देशभर साखळी पसरवली ती मात्र क्रॉकनेच, हे श्रेय त्याचं निर्विवाद आहे. 1961 मध्ये त्याने 27 लाख डॉलर मोजून भावांचा हक्क विकत घेतला. त्यानंतर भावांना स्वतःच्या मूळ दुकानावर स्वतःचंच आडनाव लावता येईना. पाटी बदलून त्यांनी ‘द बिग एम’ केली.