एकास एक आणि अनेकास एक: व्हीलॅन-जुळणीतला नेमका फरक

व्हीलॅनचा, म्हणजे एकाच तारेवरची वाहतूक वेगवेगळी ठेवणाऱ्या आभासी जाळ्याचा, क्रमांक 12 बिटांचा असतो आणि 0 व 4095 वगळता 4094 क्रमांक वापरता येतात, एवढे वाचकाला ठाऊक आहे असे धरून चालतो. हा क्रमांक डेटाच्या पाकिटावर चढवला की त्याला टॅग म्हणतात. प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र टॅग किंवा टॅगांची जोडी दिली की ती एकास एक जुळणी, आणि अनेक ग्राहकांना एकच व्हीलॅन दिला की ती अनेकास एक. तरीही सोलापुरातल्या ब्रॉडबँडच्या कामात ‘दोन टॅग दिसले म्हणजे एकास एक जुळणी’ हे विधान वारंवार ऐकू येते, आणि ते साफ चुकीचे आहे. एकास एक जुळणी एका टॅगवरही होते, आणि शेकडो घरांच्या सामायिक व्हीलॅनवर पुढचा स्विच आणखी एक टॅग चढवू शकतो.

पाहायचे ते हे, की ग्राहकाची ओळख राउटरला कशावरून पटते. एकास एकमध्ये ओएलटी (घरोघरच्या फायबर-लाइनी एकत्र आणणारे कंपनीकडचे यंत्र) प्रत्येक ग्राहकाच्या पोर्टला वेगळा व्हीलॅन किंवा बाहेरच्या-आतल्या टॅगांची वेगळी जोडी देते, त्यामुळे बीएनजी राउटरला, म्हणजे ग्राहकांची जोडणी तपासून त्यांना इंटरनेटवर सोडणाऱ्या राउटरला, नुसत्या टॅगवरून लाइन समजते. अनेकास एकमध्ये टॅग फक्त गट सांगतो. लाइन कोणती हे कळण्यासाठी ओएलटीला डीएचसीपीच्या (आयपी पत्ता मागण्याच्या) विनंतीत ऑप्शन 82, म्हणजे लाइनची ओळख सांगणारा रकाना, भरावा लागतो, आणि पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन लॉगिन करण्याची पद्धत) असेल तर त्यातही तशीच लाइनची नोंद घालावी लागते. ही सोय बंद ठेवून अनेकास एक जुळणी चालवणे मला मुळीच मान्य नाही, कारण मग एका घराचे लॉगिन दुसऱ्या घरात चालले तरी राउटरला पत्ता लागत नाही.

जोडीतला एकच आकडा लिहिण्याची सवयही तितकीच घातक आहे. जुळे सोलापूर आणि होटगी रस्ता येथील आमच्या दोन ओएलटींवर आतला टॅग 137 होता, बाहेरचा मात्र एकीकडे 201 आणि दुसरीकडे 202. नोंदवहीत नुसते ‘व्हीलॅन 137’ वाचून मी होटगी रस्त्यावरच्या, बिल वेळेवर भरणाऱ्या ग्राहकाचे सेशन तोडले; थकबाकी होती जुळे सोलापुरातल्या ग्राहकाची. तेव्हापासून मी 201.137 असेच लिहितो आणि सहकाऱ्यांनाही तसेच लिहायला लावतो.

अनेकास एकमध्ये शेजाऱ्याची वाहतूक दिसते, हा आक्षेप ओएलटीवर ग्राहक-ग्राहक वाहतूक अडवली की उरत नाही. दुसऱ्या टॅगचे 4 बाइट वाढतात, तेवढी एमटीयू (पाकिटाच्या कमाल आकाराची मर्यादा) वाढवून घ्यावी.

घरगुती जोडण्यांना मी अनेकास एकच देतो, कारण नवे घर जोडताना राउटरला हात लावावा लागत नाही. अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेल कारखान्याला स्वतंत्र वेगमर्यादा आणि स्थिर पत्ता हवा असेल, तर तिथे एकास एकच द्यावी.